साडेचार वाजता रिंगण दहा मिनिटे मोकळे मिळण्याबाबत

प्रति,
मा. स्पर्धा-चिटणीस,
श्री बलभीम मराठी व्यायाम मंडळ,
कॉटनपेट, बंगळूर.

विषय : दसऱ्याच्या फरी-गदगा सामन्यांना वेळेची शिस्त लावणे व त्यात अर्जदारास दहा मिनिटे देणे.

संदर्भ : १) मंडळाच्या नियमावलीतील कलम सात. २) गेल्या दसऱ्याची निमंत्रणपत्रिका, जीत ‘अंतिम सामना ठीक पाच वाजता’ असे छापले होते.

महोदय,

अर्जदार नागनाथ कल्लाप्पा चौगुले, वय बावन्न, कारखान्यात फिटर, मूळचा निपाणीकडचा. घरी मराठी बोलतो, पण शाळा कानडी झाली. म्हणून हा अर्ज कोर्टातला निवृत्त कारकून शेषगिरी त्याच्या वतीने लिहीत आहे. मजकूर अर्जदाराचा, भाषा लेखनिकाची, आणि जिथे राग दिसेल तिथे तो दोघांचा धरावा.

१. मंडळाच्या कार्यकारिणीत हल्ली अशी मंडळी आली आहेत ज्यांनी गदगा फक्त भिंतीवर टांगलेला पाहिला आहे, म्हणून चार शब्द सांगणे भाग आहे. डाव्या हातात कातडी ढाल ती फरी, उजव्या हातात कातडे गुंडाळलेली काठी तो गदगा. कलम सातप्रमाणे ज्याला गदगा लागेल त्यानेच मोठ्याने ‘लागला’ म्हणायचे. पंचाने मोजायचे नाही. पाच वेळा ‘लागला’ म्हणेल तो हरला. वेळेची मर्यादा नाही. कलम जुन्या लोकांनी मोठ्या विश्वासाने लिहिले, त्यांना अर्जदाराचा नमस्कार. परंतु माणूस तोंड मिटून राहिला तर काय करायचे, हे त्यांना सुचले नाही.

२. सन १९५७ च्या दसऱ्याला अंतिम सामना अर्जदार आणि त्याचा धाकटा भाऊ गुंडू यांच्यात झाला. गुंडूच्या हातात पहिला गदगा दिला तो अर्जदारानेच. दोघेही चार-चारवर आले. मग गुंडूचा गदगा अर्जदाराच्या डाव्या खांद्यावर, हाडाशी बसला. अर्जदाराची पाठ लोकांकडे होती, त्यामुळे कोणालाच दिसले नाही. गुंडूने हात खाली घेतला आणि भावाच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. अर्जदाराने शब्द म्हणायचा तेवढाच उरला होता. अर्जदाराने तो म्हटला नाही. गुंडू तसा उभा असताना त्याच्या मनगटावर गदगा मारला.

गुंडू त्याच क्षणी म्हणाला, “लागला.”

टाळ्या पडल्या. अर्जदाराला हार घातला, आणि तो त्याने घालून घेतला. असे का केलेस, म्हणून लेखनिकाने तीनदा विचारले. तीनही वेळा ‘माहीत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. माणूस खोटे बोलत असावा असे वाटत नाही.

३. त्यानंतर महिन्याभरात गुंडू बायकोला, म्हणजे चंद्राबाईला घेऊन वेगळा निघाला. भांडण नाही, तंटा नाही. वाटेत दिसला की ‘बरं आहे ना अण्णा’ म्हणायचा आणि पुढे जायचा. अर्जदार म्हणतो, शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. दोन वर्षांपूर्वी गुंडूला क्षयाने धरले. तेव्हापासून तो दवाखान्यात आहे. अर्जदार दर रविवारी जातो. पहिल्याच रविवारी खाटेशी उभा राहून म्हणाला, “गुंडू, तेव्हा मला लागला होता.” गुंडू हसला. म्हणाला, “मला ठाऊक आहे, अण्णा. पण इथं नको. जिथं लागला तिथं म्हण.”

आजारी माणसाचा हट्ट म्हणून हे सोडून देता आले असते. पण महोदय, चूक कुठे आहे? चारशे लोकांत जे गिळले ते दवाखान्याच्या खाटेशी ओकून भागणार कसे?

४. म्हणून गेल्या वर्षी अर्जदार स्वतः आपल्याला भेटला होता. अंतिम सामन्याआधी दोन मिनिटे द्या, एवढेच मागितले. आपण ‘सरी, बघू’ म्हणालात. डॉ. गुरुराज यांनी रोग्याला चार ते सहा बाहेर नेण्याची परवानगी दिली. साडेचारला मंडळात पोचायचे आणि साडेपाचला निघायचे, तरच सहाच्या आत खाटेवर. शिवाप्पाचा जटका, म्हणजे टांगा, सांगितला. गुंडू शाल पांघरून, बरोबर साडेचारला, खुर्चीवर येऊन बसला.

तेव्हा रिंगणात काय चालले होते? पहिल्या फेरीचा सामना! दोघे जण एक तास दहा मिनिटे एकमेकांभोवती फिरत होते, आणि धपाधप लागत असूनही दोघांच्या तोंडून ब्र निघत नव्हता. मग नारळ. मग प्रमुख पाहुण्यांचे ‘शरीरसंपदा’ या विषयावर भाषण. पाहुण्यांना खुर्चीतून उठवायला दोन माणसे लागली, हा भाग वेगळा. मग आभार, आणि आभारातही भाषण. अर्जदार आतल्या खोलीत कंबर कसून, नाव पुकारण्याची वाट पाहत बसला होता. गुंडू उन्हात खोकत बसला होता. साडेपाच झाले तसा शिवाप्पा घाई करू लागला. जाताना गुंडूने निरोप ठेवला, “अण्णाला सांगा, मी थांबलो होतो.” अर्जदार धावत बाहेर आला तोवर जटका कोपऱ्यावरून वळला होता. अर्जदार भर रस्त्यात, फरी हातात घेऊन रडला, हे लेखनिकाने स्वतः पाहिले आहे.

५. तरी पुढीलप्रमाणे व्हावे अशी विनंती आहे. प्रत्येक सामना तीन-तीन मिनिटांच्या तीन डावांचा असावा, मध्ये एक मिनिट विसावा, शिटी वाजली की हात खाली. रिंगणाच्या दोन बाजूंना दोन पंच झेंडे घेऊन उभे करावेत. खेळाडूच्या जिभेवर विसंबू नये. याला पुरावा काय, असे कार्यकारिणी विचारील, तर पुरावा म्हणून अर्जदारास उभे करावे. पहिल्या फेऱ्या आदल्या दिवशी उरकाव्यात. भाषणे बक्षिसांनंतर ठेवावीत. ज्याला ऐकायची असतील तो थांबेलच.

६. आणि साडेचार वाजता रिंगण दहा मिनिटे मोकळे करावे. गुंडूला उभे राहवत नाही, तो खुर्चीत बसेल. तो गदगा अर्जदाराच्या खांद्याला टेकवील आणि अर्जदार ‘लागला’ म्हणेल. लाउडस्पीकर चालू असावा. त्या वेळी सामना चालू असल्यास थांबवावा. पाहुणे बोलत असल्यास त्यांना थांबवावे. ते थांबत नसतील तर अर्जदार भाषणाच्या मध्येच म्हणेल, तो उद्धटपणा समजू नये. विजेत्यांच्या फळ्यावरचे १९५७ चे नाव अर्जदार स्वतः रंग आणून बदलील. गुंडूला आणणे जमलेच नाही, तर आपण आणि चार सभासदांनी खडूची पिशवी घेऊन दवाखान्याच्या अंगणात यावे आणि तिथे रिंगण आखावे. मंडळाने आखले तर ते मंडळाचेच रिंगण होईल, असे गुंडूकडून विचारून घेतले आहे. तो ‘चालेल’ म्हणाला.

अर्जदार यापुढे मंडळाकडे जन्मात काही मागणार नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
नागनाथ कल्लाप्पा चौगुले (सही कानडीत)

लेखनिक : शेषगिरी
बंगळूर, ११ सप्टेंबर १९६१

सोबत : १) गेल्या वर्षीची निमंत्रणपत्रिका. २) डॉ. गुरुराज यांचा या वर्षीचा परवानगीचा दाखला (मिळताच जोडला जाईल).

ता. क. : दाखल्यासाठी अर्ज लेखनिकाकडे थांबला होता. काल सकाळी चंद्राबाईच दवाखान्यातून चालत अर्जदाराच्या दारी आली. गुंडू पहाटे गेला. आज अर्जदार लेखनिकाकडे आला. अर्ज फाडू का, असे लेखनिकाने विचारले. तो म्हणाला, “नको, शेषगिरीराव. द्या तसाच. वेळेचं तेवढं खोडा.”

तरी या अर्जाच्या कलम सहामधील ‘साडेचार वाजता’ हे शब्द रद्द समजावेत. खुर्ची लागणार नाही. मंडळाच्या सोयीने, भाषणे संपल्यावर, कितीही वाजता चालेल.

शेषगिरी
१५ सप्टेंबर १९६१