वाऱ्यात काही ऐकू आलं नाही

मंगळवार, ९ डिसेंबर
विंटन

प्रिय डेसकाका,

कसे आहात, हे विचारण्यात अर्थ नाही. दिवसातून दोनदा नोलीनकाकूंचा फोन येतो, त्यामुळे तुमच्या बरगड्यांची खबर तुमच्याआधी मला असते. डोकं गरगरतंय म्हणून डॉक्टरांनी वाचायला बंदी केलीय, म्हणजे हे पत्र काकूच वाचून दाखवणार. काकू, चष्मा लावून बसा. माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

बाहेर दक्षिण ध्रुवाकडचा गार वारा सुटलाय. डिसेंबर म्हणजे आपला भर उन्हाळा, आणि बाबा लोकरीची टोपी घालून फिरतायत आणि हवेला शिव्या घालतायत. काकूंनी पाठवलेले चीज रोल त्यांनी एकट्यानंच संपवले आणि वर मलाच म्हणाले, "तू काही खात नाहीस हल्ली."

तुमच्या तबेल्यात येऊन मी मेगीच्या दुखावलेल्या गुडघ्यावर सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं थंड पाण्याची धार धरते. सूज उतरलीय. पशुवैद्य म्हणाले, चालेल, चरेल, शिंगरंही देईल, पण शर्यतीच्या गाडीला आता जुंपायची नाही. तुमची शेवटची घोडी ती. काल तिनं माझ्या खिशात तोंड घालून गाजर शोधलं. गावात म्हणतात, बघा, पोरगी किती जीव लावते. मला ते ऐकवत नाही.

परवा गुरुवारी इन्व्हरकार्गिलला शर्यत समितीपुढे निवाडा आहे. शनिवारच्या शर्यतीत निष्काळजीपणे घोडागाडी हाकल्याचा आरोप. मी शनिवारीच 'अमान्य' म्हणून सही केली होती. वकील सांगतो, आरोप टिकला तर निदान सहा आठवडे शर्यतबंदी, आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशीची कपची शर्यत हातची जाईल. बाबांनी स्वतः वाढवलेला घोडा तीस वर्षांत पहिल्यांदा कपला निघालाय. तो दुसऱ्या कोणी हाकलेला त्यांना बघावा लागेल. पण टिकणार नाही, असंही वकील म्हणतो. चित्रफीत समोरून घेतलेली आहे. मी आतल्या कुंपणाच्या कडेला अडकले होते, बाहेर सरकले, तुम्ही माझ्या उजव्या चाकामागे होतात, आणि टोपाच्या कडेमुळे तिथलं मला दिसणं कठीण, एवढंच त्यात कळतं.

रविवारी तुमचा निरोप आला. काकूंनी शब्दन् शब्द सांगितला : "टेगनला म्हणावं, घाबरू नकोस. मला त्या वळणाचं काहीच आठवत नाही, पण मी समितीला चिठ्ठी देतो, की या पोरीला मी हाकायला शिकवलंय, मी मागे आहे हे माहीत असतं तर ती सरकलीच नसती."

काका, दोन रात्री मी ते वाक्य पोटात घेऊन पडलेय. चिठ्ठी देऊ नका.

काकू, इथे थांबू नका. पुढचं वाचा. त्यांना त्रास होईल म्हणून गाळू नका.

तुम्ही ओरडला होतात. "टेगन! मी आहे इथं!" दोनदा. पहिल्यांदा मी सरकायला लागायच्या आधी. चित्रफितीला आवाज नाही आणि तुम्हाला आठवत नाही, म्हणजे हे जगात फक्त मला माहीत आहे. शर्यतीनंतर पंचांनी सरळ विचारलं, "कानावर काही आलं होतं का?" मी म्हणाले, "वारा होता. वाऱ्यात काही ऐकू आलं नाही." तुमची रुग्णवाहिका अजून फाटकातून बाहेरही पडली नव्हती.

मग ऐकूनही सरकले का? दुसरं कोणी ओरडलं असतं तर मी जागची हलले नसते. तो तुमचा आवाज होता म्हणून सरकले. तुम्ही लगाम ओढून जागा देणार, हे मी धरून चालले होते. चाळीस वर्षं तुम्ही घोड्याला इजा नको म्हणून शर्यत सोडत आलात, आणि आम्ही सगळे मागे हसत आलो, "डेस आहे ना, तो देईल जागा." मीही हसलेय. शनिवारी मेगी जोरात होती, थांबायला वेळच नव्हता. माझं चाक तिच्या पायात गेलं आणि तुम्ही गाडीतून फेकले गेलात. तुमचा चांगुलपणा मी माझ्या हक्काचा रस्ता समजले. निष्काळजीपणा हा त्याला फार सौम्य शब्द आहे.

आणि आता तुम्ही पुन्हा तेच करायला निघालात, अंथरुणातून.

आज सकाळी बाबांना सांगितलं. ते किटली ठेवत होते. पाठमोरेच म्हणाले, "ऐकलं होतंस?"

"हो."

"मग मला काय सांगतेस? समितीला सांग." आणि घोड्याला बाहेर काढायला गेले. चहा तसाच राहिला.

दहाच्या सुमाराला मी समितीच्या कचेरीत फोन केला. आरोप मान्य, आणि पंचांना खोटं सांगितलं तेही लिहून घ्या, म्हणाले. तिकडची बाई म्हणाली, "बाई, खोटं बोलल्याचा आरोप वेगळा लागतो. बंदी सहा आठवड्यांवर थांबायची नाही." मी म्हटलं, लिहा. वर्ष म्हणतील की कायमचं, मला माहीत नाही. मला हाकण्यापलीकडे दुसरं काही येत नाही.

हे सगळं करून मगच तुम्हाला लिहितेय, मुद्दाम. आधी लिहिलं असतं तर तुम्ही मला अडवलं असतं, आणि मी अडले असते.

मेगीच्या गुडघ्यावर पाण्याची धार धरायला मी उद्याही येईन. माझं तोंड बघायचं नसेल तर काकूंनी मागच्या फाटकाला कडी घालावी. मी समजेन आणि परत जाईन.

काकू, शेवटची ओळ त्यांना नीट ऐकू येईल अशी वाचा.

काका, तुमची हाक मला स्पष्ट ऐकू आली होती.

टेगन