तुझी बोटं हलत होती

आई, स्वयंपाकघरातल्या फळ्यांवरचे कागद आज काढले. तुझ्या लॅबमधल्या आलेखाच्या कागदाचे वापरलेले रोल, तूच डब्यांखाली अंथरलेले. तेलाचे गोल डाग, आणि त्या डागांतून गेलेली उंदरांच्या झोपेची निळी, थरथरती रेघ. घरमालकाला मुनिरकातलं हे घर पाडून चार मजले चढवायचेत, म्हणून निघायचंय. कुठे, ते ठरलेलं नाही. माझं कधी ठरलेलं असतं?

मी कॉलेज सोडलं त्या उन्हाळ्यात तू मला एकदा लॅबमध्ये नेलंस. दुपारचे दोन वाजलेत. उंदीर दिवसा झोपतात, म्हणून तुझी ड्यूटीही दिवसाची. पिंजऱ्यात एक पांढरा उंदीर आडवा पडलाय, डोक्यावर बारीक तारांची टोपी, आणि मिशा फुरफुरताहेत. "सकाळी भुलभुलैयातली वाट शिकलाय," तू कुजबुजतेस. "आता मेंदूत तीच वाट परत चालतोय. उद्या बघ, सरळ खाऊपाशी जाईल." शेजारच्या उंदराला मात्र तू रंगाच्या ब्रशने सारखी डिवचत होतीस, त्याचा डोळा लागू द्यायचा नव्हता. तो दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर गोंधळून बसायचा. "हा तुझा भाऊ," तू म्हणालीस. "धड झोपत नाही, धड शिकत नाही." मी म्हटलं, "यार आई, याला खाऊ तरी मिळतो का?" तू हसलीस, पण ब्रश थांबला नाही.

घरात मात्र तुझा कायदाच होता, झोपलेल्याला उठवायचं नाही. पुण्याच्या मामाची गाडी चुकली, तरी तू त्याला उठवलं नाहीस. तो भडकला, "ताई, मी काय तुझा उंदीर आहे?" तू म्हणालीस, "उंदीर घोरत नाहीत."

पुढे मी करोल बागेत गाड्यांचे आरसे विकले, मग गुडगावला, मोहरीच्या शेतात उगवलेल्या काचेच्या इमारतीत कॉल सेंटरचे फोन घेतले. तिथे माझं नावही दुसरंच होतं, ते असो. तीही नोकरी सोडून त्या दुपारी घरी आलो. तू कुशीवर झोपलेली. ओट्यावर दोन ताटं झाकलेली, शेजारी तुझ्या डायबेटिसच्या इन्सुलिनची रिकामी सिरिंज. टोचून घेऊन तू माझ्यासाठी जेवायची थांबली होतीस, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. कपाळावर घाम होता. पण मे महिना, वीज गेलेली, मलाही घाम होताच. आणि तुझी बोटं हलत होती, त्या मिशांसारखी. वाटलं, तू कुठलीशी वाट पाठ करतेयस. स्टूल ओढून बसलो. नोकरी सोडल्याचं सांगायचं होतं, त्यापेक्षा तू झोपलेली बरी, असंही वाटलं. तासाभराने बोटं थांबली, तेव्हा म्हटलं, चलो, आता गाढ झोप लागली.

रक्तातली साखर उतरली होती, वेळीच उठवून साखरपाणी पाजायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले. साखरेचा डबा याच कागदावर होता.

आता मला रोज झोपेत तेच स्टूल दिसतं. तुझ्या हिशेबाने एव्हाना मी काहीतरी शिकायला हवं होतं. उठतो तेव्हा त्याच वळणावर बसलेला असतो.

हे त्याच कागदाच्या पाठीवर लिहितोय. गुंडाळून बाकीच्या रद्दीत ठेवीन. मामाला मी सांगितलंय की मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. तो अजून म्हणतो, तू तरी काय करणार होतास. मी मान हलवतो.