दारातलं तुतीचं झाड

कुवेत, एप्रिल १९६४

आई, सलाम. तुझे दोन्ही हात चुंबून लिहितोय. मी ठणठणीत आहे, जेवतोही वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

इथे शाकिर नावाचा एक जण भेटलाय. म्हणतो, मी तुमच्याच ऐन-सुम्माकचा. गावाचा इतिहास लिहितोय. आपल्या जमिनीचे कागद बघायला मागत होता. माझं डोकंच सणकलं. तो निर्वासितांच्या छावणीत तुझ्याकडे आला तर चहा पाज, पण कागदांची पेटी उघडू नकोस.

मी त्याची परीक्षा घेतली. गल्लीतल्या रोटीच्या भट्टीवर पहिली पाळी कोणाची? "उम्म हलीमची. त्यावरून तुझी आई रोज भांडायची!" बेट्याने हेही पाठ केलंय.

मग विचारलं, आमच्या दारात झाड कुठलं? म्हणाला, "अंजिराचं." सापडला! मी ओरडलो, "खोटारड्या, तुतीचं! त्याच्या सावलीत खेळलोय मी."

तो चिडला नाही. म्हणाला, "सैनिकांनी गाव रिकामं केलं तेव्हा केवढा होतास रे तू?"

चार वर्षांचा होतो ना, आई? खरं सांग, ते तुतीचं झाड गावातलं, की छावणीत तू लावलेलं?

तुझाच,
नायिफ