बदकं, ट्रक आणि सासूबाईंचा पहिला नंबर

३ मार्च, सोमवार

आजही सासूबाई पहिल्या! दोनशे चाचणीवाल्यांत! यादी रोज नव्याने लागते, आणि रोज ह्याच वर. ज्या खेळातल्या चुका शोधायचा मी पगार घेते, त्यात मी स्वतः एकशे चाळिसावी. बदकांना रहदारीतून पलीकडे न्यायचं, बस्स. नवरा टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर खेळतो आणि वर ऐकवतो, "फोनवर काय, वेळ घालवायला खेळतात." तो चव्वेचाळिसावा. त्याची आई आमच्या ऑफिसच्या सर्वांत जुन्या, काच तडकलेल्या फोनवर पहिली!

फोन मीच घरी आणला. मनगट मोडल्यापासून त्यांची बोटं आखडलीत. प्लास्टर निघून महिना झाला. व्यायामाला चेंडू दिला तर म्हणाल्या, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" बदकांसाठी मात्र दोन-दोन तास बोटं नाचवतात. तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई — सुईत दोरा जाईना म्हणून रडताना पाहिलंय मी.

४ मार्च, मंगळवार

ऑफिसात जुंपली. कीबोर्डवाले म्हणतात, बोटाने खेळणारे लबाड. बोटवाले म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी कुणीतरी विचारलं, पहिला नंबर आहे तरी कुणाचा? मी ऐटीत सांगितलं, "माझ्या सासूबाईंचा." साहेबांच्या भुवया वर. "त्या खटाऱ्यावर? खेळ धड चालतो तरी का?"

चालतो की! म्हटलं खरं. पण मनात पाल चुकचुकली.

५ मार्च, बुधवार

घड्याळ लावून पाहिलं. नव्या फोनवर ट्रक चार सेकंदांत रस्ता पार करतो. सासूबाईंच्या फोनवर बारा!

आमच्या प्रोग्रामरने — ढापण्याने — प्रत्येक चित्रामागे ट्रक एक पाऊल पुढे सरकवलाय. चांगलं यंत्र सेकंदाला साठ चित्रं दाखवतं, हा म्हातारा कशीबशी वीस. चित्रं कमी, म्हणून ट्रकही सुस्त. आम्ही शहाणे नव्याकोऱ्या यंत्रांवर तपासत बसलो आणि हा फोन कपाटात!

कळवणं माझं काम. कळवलं की दुरुस्ती. मग ट्रक तिप्पट वेगाने धावणार, चित्रं मात्र तशीच धक्के खात. त्या बोटांनी कसं जमायचं? फोन भिरकावून देतील, आणि बोटं कायमची तशीच राहतील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

६ मार्च, गुरुवार

कळवलं. ढापण्याने कपाळाला हात लावला. "मीच माती खाल्ली!" मग त्याला हळूच विनवलं — घरचा एवढा एक फोन वगळ. "ताई, यादीत खोटा नंबर राहील." राहू दे रे, दोन आठवडे! "बरं, बघतो."

चुका पकडणारी मी, आणि चूक जपायला सांगतेय. लाज वाटते. पण सुई-दोऱ्याचं ते रडणंही आठवतं.

८ मार्च, शनिवार

सासूबाई एकदम सदतिसाव्या! "बदकंच वेंधळी झालीत!" नवरा म्हणाला, फोन तापला असेल. तापला होता खरा. खिडकीत ठेवला. आज त्यांच्या वाटेला कुणी जाऊ नये.

९ मार्च, रविवार

अठराव्या. जेवायला हाक मारली तर, "थांब गं! पिल्लू मध्येच अडकलंय."

११ मार्च, मंगळवार

पुन्हा पहिल्या! "बदकांनाही शिस्त लावावी लागते, कळलं?" मी टाळ्या वाजवल्या. हसूही आणलं तोंडावर. मनात म्हटलं, आई, ते ट्रक मुद्दाम रेंगाळतायत तुमच्यासाठी. फार वाईट वाटलं.

१२ मार्च, बुधवार

ढापण्याने चहा पिता पिता जीभ चावली. "ताई, तुमचा फोन वगळायचा राहूनच गेला. दुरुस्ती शुक्रवारीच गेली सगळ्यांना."

शुक्रवारी! म्हणजे पाच दिवस सासूबाई खऱ्या वेगाने खेळतायत. बोटं बरी झालीत त्यांची — आणि घरात कुणाला पत्ता नाही, त्यांनासुद्धा!