महालक्ष्म्यांच्या गोळ्या

आई, तुझ्या नातीची पाळी लांबली होती. तू गेलीस तेव्हा ती रांगत होती. आता कॉलेजात जाते, वजन कमी करायचं म्हणून धड जेवत नाही आणि परीक्षा आली की धड झोपत नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी मी वरणाला फोडणी घालत होते. ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, माझी डेट कधीच होऊन गेली. अजून आली नाही." माझ्या जिभेवर तुझाच प्रश्न आला, अगदी तुझ्या आवाजात. मी गॅस बंद केला.

तुला आठवत असेल का, कोण जाणे. खापरखेड्याच्या कॉलनीतलं आपलं क्वार्टर, बाबा पॉवर हाऊसच्या शिफ्टला गेलेले, आणि तू महालक्ष्म्यांची तयारी करते आहेस. माझी तारीख नेमकी सणात येत होती. सोळा भाज्या चिरायला, आंबील ढवळायला घरात दुसरं कोणी नाही, आणि बाहेर बसलेल्या पोरीचा हात नैवेद्याला चालत नाही. मग तू मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्यास. डॉक्टरला कोण विचारतं, कॉलनीतल्या सगळ्याच बायका घ्यायच्या. मी बारावीत होते, अभ्यासानं वाळले होते, त्यात हरतालिकेचा कडक उपास. महालक्ष्म्या उठल्या, गोळ्या संपल्या, पाळी काही आली नाही. आणि स्वतःच्या हातानं दिलेल्या गोळ्या तू साफ विसरलीस. तुला फक्त माझी ट्यूशन आणि तिथे येणारी मुलं दिसायला लागली. माझी बॅग उलटीपालटी केलीस. "काहून वं, कोणासंग हिंडून राहिली तू?" असं म्हणालीस आणि उत्तर ऐकायलाही थांबली नाहीस. दुसऱ्या दिवसापासून ट्यूशन बंद.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंसमोर तू म्हणालीस, "पोरीनं तोंड काळं केलं का, तेवढं सांगा मले." त्यांनी तुला बाहेर बसवलं, मला शांतपणे विचारलं, लघवी तपासली आणि मग तुला आत बोलावून सांगितलं, दिवस वगैरे काही गेलेले नाहीत. या वयात पाळी मागेपुढे होतेच. काळजी, उपास, एकदम उतरलेलं वजन, आजारपण, थायरॉइड, कशानंही लांबते. "आणि गोळ्या कोणी दिल्या हिला?" तू खाली पाहिलंस. परतताना बर्डीच्या बाजारात, मी न मागता, मला ड्रेसचं कापड घेतलंस. ड्रेस मी शिवून घेतला, घातलाही. पण दर वेळी वाटायचं, कापड नको होतं, तू एकदा मलाच नीट विचारायला हवं होतंस. त्याचा राग मला अजून आहे, आई.

तर त्या सकाळी मी तुझ्या नातीला ओट्याजवळच्या स्टुलावर बसवलं. म्हटलं, "बाळा, तुला कशाची भीती वाटते आहे का? दिवस गेले असतील असं वाटत असेल तर तेही सांग. मी रागावणार नाही." बोलायला सोपं नव्हतं ते. मीच घाबरले होते, आणि तूही तेव्हा अशीच घाबरली असणार हे मला पहिल्यांदा कळलं. ती रडायला लागली. म्हणाली, "तसं काहीच नाही गं. पण तू तेच समजशील म्हणून इतके दिवस बोललेच नाही." मग एकेक बाहेर आलं. केस गळतात, सारखी थंडी वाजते, जिना चढला की दम लागतो. मी बसल्या जागेवरून हिचं फक्त जेवण मोजत होते आणि हे काहीच मला दिसलं नव्हतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड बिघडलेलं निघालं. घाबरण्यासारखं नाही म्हणाले, पण औषध वेळेवर घ्यायचं आणि उपाशी राहायचं नाही. ती त्या सकाळी बोललीच नसती तर अजून किती दिवस हे अंगावर काढत राहिली असती, या विचारानं मला अजून कसंतरी होतं.

दवाखान्यातून येताना ती स्कूटीवर मागे बसली होती. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून तिनं विचारलं, "आई, आजीनं पण तुला असंच विचारलं होतं का गं, आधी तुलाच?"

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगते. मी हो म्हटलं.