हळदीतली बाई

कशेळी,
ता. १२ नोव्हेंबर २००९

चि. निशाला अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे तेवढे दुखतात. जानकीमावशीकडे वडप्याला तुझं बरं चाललं असेल. गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम लागलं म्हणे. चांगलं झालं. माणूस कामात असला की डोक्यात कमी येतं.

माझा साखरपुडा २२ तारखेला ठरलाय. मुलगी ठाण्याची, सुकन्या. माणसं हौशी आहेत.

तू फोनवर विचारलं होतंस, "दादा, तुझ्याच कंपनीची साइट ना? मग ती क्लिप काढता येत न्हाय का?" मी म्हणालो, ते मशीन ठरवतं. मशीनला काय ठरवायचं ते मी सांगितलं होतं. व्हिडिओच्या बाजूला 'हेही पाहा' म्हणून यादी येते ना, ती माझी. लोक जे शेवटपर्यंत बघतात, परत परत बघतात, ते वर. आपल्या भाविकच्या हळदीत, नवरा असून, भूपेशरावांनी सगळ्यांदेखत तुझ्या कानाखाली मारली, तू मांडवाच्या खांबावर आपटलीस. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि साइटवर टाकलं. लोकांनी ते फार पाहिलं. मग भजन ऐकणाऱ्यालाही तू दिसायचीस, मोदक शिकणारीलाही तूच.

ऑफिसात तुळजा म्हणून एक मुलगी आहे. मीटिंगमध्ये म्हणाली, "मार खाणारं माणूस यादीने वर ढकलायचं नाही, असा नियम घालू. त्या बाईला कुणी विचारलंय का?"

मी म्हणालो, "लोकांनी काय बघावं हे ठरवणारे आपण कोण?"

सर खूश झाले. मला टीम लीडर केलं. पडद्यावर तेव्हा तुझीच क्लिप होती. ती बाई माझी कोण, ते मी सांगितलं नाही.

पुढे मित्र भूपेशरावांना 'हिरो' म्हणायला लागले, त्यांना चेव आला, मार वाढला, तुझा डावा कान गेला. आईने सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. ताटातलं संपवलं.

आता लिहायलाच बसलोय तर लिहितो. त्या क्लिपला मी एकदा हात लावला होता. शेवटचे चार सेकंद कापले आणि बाकीची क्लिप होती तशी परत ठेवली. त्या चार सेकंदांत तू उठायला बघत होतीस आणि मागे मी उभा होतो. हसत होतो.

निशा, साखरपुड्याला येऊ नकोस. सुकन्याच्या घरी ती क्लिप सगळ्यांनी पाहिलीय. 'हळदीतली बाई' म्हणून नक्कल करतात. परवा मलाही दाखवली, मी त्यांच्यासोबत बसून पाहिली. बहीण गावाकडे असते, एवढंच मी सांगितलंय.

आईला मात्र तूच कळव, सुट्टी मिळत न्हाय म्हणून. माझ्या तोंडून कळलं तर तिला वाईट वाटेल.

तुझाच,
दादा