वाटीवरच्या दोन निशाण्या

भाईंदर, १९९१, संक्रांतीनंतरचा रविवार

पहिल्या आल्या त्या नानांच्या सौ., हळदीकुंकवाची कुयरी घेऊन. मागून मतांसाठी हात जोडत नाना. गेल्या निवडणुकीला दुसऱ्या पक्षातून उभे होते तेच. वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. वर नव्या पक्षाची निशाणी चिकटवलेली, तिच्याखालून जुनी डोकावतेय! गेल्या वेळची उरलेली वाणं असणार. हसू आवरेना मला.

माझा सुरेश परवापर्यंत नानांना पलटी मारणारा म्हणायचा. आता त्याच्याच पक्षात आले, तर म्हणे, "आई, अनुभवी माणूस आहे." आणि याच्या पक्षातून कोणी तिकडे गेला की तो गद्दार! हे कसं काय?

नात मीनू सगळ्यांसमोर म्हणाली, "पप्पा, नाना तर तेच आहेत. बदललात तुम्ही!" नववीतली पोर, पण कशी बोलली! नानासुद्धा हसले.

मग मलाही धीर आला. म्हटलं, "नाना, निशाणी कुठलीही लावा, पण आमच्या चाळीत नळ आणा. टँकरपुढे उभं राहून गुडघे गेले माझे."

सुरेश हळूच म्हणाला, "नाना, आई बरोबर बोलतेय."

आणतील का? वाटतंय खरं. वाटी घासून ठेवलीय, पहिलं पाणी तिच्यातच धरीन. प्लंबरला घेऊन बुधवारी येतो म्हणालेत नाना.